पुढच्या दाराची वाकळ

“ह्यात बोट घालून बगा. बगा म्हणतोय न्हवं! परवा वाटल्यालं पीठ हाय हे. अजून हाय तसंच बसलंय, नव्या नवरीगत अंग चोरून. भिताडाला लावलं तर गिलावा हुईल, आंबोळी काय व्हायची न्हाई.”

“अगं, अठरावर ठेवलंय हीटिंग. अठरा म्हणजे काही थंडी नव्हे.”

“तुमास्नी न्हाई वाजत. पिठाला इचारलासा?”

“पिठाला काय विचारायचं?”

“मग मंडळाच्या बायकास्नी काय सांगू? आमचं मालक अठरावर हाईत, तवा तुमी ह्या संक्रांतीला चुरमुरं खावा?”

राघवनं पिठात बोट घातलं, काढलं आणि ट्रॅकपँटला पुसलं. मग त्यानं फोन काढला. फोनमध्ये घरातल्या गॅसचा आलेख दिसायचा. दिवसभर आलेख गाईसारखा गरीब, आणि संध्याकाळ झाली की नेमका बैलासारखा शिंग वर करून उठायचा. रोज.

“घराला कुठंतरी भोक आहे,” राघव म्हणाला. “ते सापडेपर्यंत आकडा वाढवणार नाही. गळक्या बादलीत पाणी ओतण्यात काय अर्थ आहे?”

“सापडवा मग. मी कुटं न्हाई म्हणतोय?” असं म्हणून जयंतीनं पातेल्यावर झाकण ठेवलं, वरनं जुनं स्वेटर गुंडाळलं आणि ते कोच आणि रेडिएटरच्या मधल्या सांदरीत सरकवलं.

ही जयंती आमच्या आजऱ्याकडची. आमच्याकडची बाई मी म्हणतो, मी जातो, मी येतो असंच बोलती. डच मुलखातल्या ॲमस्टेलव्हीनच्या मराठी मंडळात पुण्याच्या चार बायका ह्याला हसतात. जयंती हसू देती. “जिला आंबोळीत आन् डोशात फरक कळत न्हाई, तिनं माज्या बोलण्याचा फरक कशाला काडावा?” एवढं म्हणून ती पुढच्या कामाला लागती. नवरा गावचाच, पण हिंजवडीत दहा वर्षं काढल्यामुळं त्याची जीभ इस्त्री केल्यासारखी झालेली. आता तो स्लोटरडाइकच्या एका काचेच्या इमारतीत बसून दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतो. स्वतःच्या घरातली एक चूक त्याला आख्खा डिसेंबर सापडली नाही, ती ही गोष्ट.

आधी ती दोघं आणि मुलगी प्रांजली चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटात राहायची. खाली उबदार, वर उबदार, दार उघडलं तर समोर उबदार बोळ. मग राघवला बाग पाहिजे झाली. ऑक्टोबरात त्यांनी एका ओळीतलं, भिंतीला भिंत लागून असलेलं जुनं घर भाड्यानं घेतलं. एजंट म्हणाला, घराला कॅरेक्टर आहे. कॅरेक्टर म्हणजे फटी, हे पहिल्या थंडीत कळलं. दारात पत्रं टाकायची जी चीर असती तिच्यातनं वारं शिट्टी वाजवत यायचं. हॉल म्हणजे जोडे-कोट ठेवायचा बोळ, तो आणि बैठकीची खोली यांच्यामधलं दार आधीच्या भाडेकरूनं मोकळं वाटावं म्हणून काढून टाकलेलं. मोकळं वाटायचं खरं. प्रांजली अंगात जाकीट घालून अभ्यासाला बसायची आणि आई मराठीत रागावली की डचमध्ये उत्तर द्यायची, म्हणजे आईचा राग निम्मा अर्थ लावण्यात जायचा.

नेमकं ह्याच वर्षी जयंतीनं मंडळाच्या बैठकीत हात वर केला. संक्रांतीच्या मेळाव्याला आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ माझ्याकडं, म्हणाली. मंजूषा म्हणून मंडळाच्या कार्यवाह आहेत, मूळच्या कोथरूडच्या. त्यांनी मान जराशी वाकडी केली आणि गोड आवाजात म्हणाल्या, “जमेल ना जयंती? इथल्या थंडीत पीठ येत नाही गं. आम्ही सगळं करून बघितलंय. नाहीतर सरळ साबुदाणा वडे ठेवू या, दरवर्षीसारखे.”

“पीठ माजं ऐकतंय,” जयंती म्हणाली.

झालं. आता पिठानं ऐकायलाच पाहिजे होतं. ओव्हनमधला दिवा लावून ठेवला तर घरापुरतं पीठ यायचं, पण सगळ्या मंडळाला पुरेल असं पातेलं त्या ओव्हनात मावत नव्हतं. त्याला आख्खी खोलीच उबदार पाहिजे. आणि खोलीचा आकडा राघवच्या फोनात.

तेव्हा दोघांनी मिळून घर बुजवायला काढलं. राघवनं स्वस्तातल्या दुकानातनं स्पंजच्या चिकट पट्ट्या आणल्या आणि खिडक्यांच्या चौकटींना लावल्या. पत्रांच्या चिरेला आतनं ब्रश लावला, रेडिएटरच्या मागं चंदेरी कागद लावला. जयंतीनं जुन्या साड्या फाडल्या, त्यांच्या नळ्या शिवल्या, आत फाटके पायमोजे आणि प्रांजलीची आखूड झालेली कापडं कोंबली आणि दरवाजाखालच्या प्रत्येक फटीला एकेक लोड दिला. पैठणी किनारीचा लोड मागच्या दाराला होता. त्याला पायानं सरकवलं की ती ओरडायची, “किनार हाय ती, जोड्याचा पाय लावू नगा.”

राघवच्या अंगात एवढा उत्साह आला, की खिडकीच्या वर हवेसाठी जी बारकी जाळी असती तिलाही त्यानं टेप मारला. आठवड्याभरात काचा रडायला लागल्या. पाणी चौकटीवरनं खाली, कोपऱ्यात काळे ठिपके, आणि घराला मसाल्याच्या डब्याचा वास. शेवटी जयंतीनं टेप ओरबाडून काढला. “घर हाय का बरणी? लोनचं घालायचंय का आमचं?”

एवढं करूनही आलेखाचं शिंग तसंच. संध्याकाळ झाली की वर.

आता खरं सांगायचं तर ते भोक कुठं आहे हे जयंतीला रोज दिसत होतं. कारण तीच ते रोज उघडत होती. फक्त त्याला भोक म्हणतात हे तिच्या डोक्यात आलेलं नव्हतं.

तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लागला की पुढचं दार उघडायचं, हे तिच्या आईनं केलं, सासूनं केलं, आणि ती कळत्या वयापासून करत आलेली. लक्ष्मी त्या वेळी येते. दार लावलेलं दिसलं तर पुढच्या घरी जाते. मागचं दार मात्र घट्ट बंद, म्हणजे आलेली लक्ष्मी तिकडनं निसटायची नाही. निरांजनातली वात आपोआप शांत झाली की पुढचं दार लावायचं. फ्लॅटात ह्याला काही खर्च नव्हता. दार बोळात उघडायचं, आणि लक्ष्मी लिफ्टनं येत असली तरी गार वारं घेऊन येत नव्हती. इथं दार सरळ रस्त्यावर. थंडीचं वारं लक्ष्मीच्या आधी आत शिरायचं, जोडे ओलांडायचं आणि बैठकीत समोरच्या भिंतीवर घराची ऊब मोजणारा जो थर्मोस्टॅट होता त्याच्या तोंडावर जाऊन बसायचं. थर्मोस्टॅट दचकायचा, बॉयलर डुरकायला लागायचा. राघव त्या वेळी ट्रेनमध्ये. शनिवार-रविवारी बॅडमिंटनला, नाहीतर वरच्या खोलीत कानात फोनची बोंडं घालून. तो घरात यायचा तेव्हा दार लागलेलं, दिवा विझलेला, पीठ गारठलेलं आणि बायको म्हणणार, “आज बी न्हाई आलं बगा.”

त्या उघड्या दारातनं लक्ष्मी आली का ते माहीत नाही, पण टिनेके आली.

टिनेके शेजारची. वय झालेली, ताठ, एकटी राहणारी. डच माणूस आधी ठरवल्याशिवाय कुणाच्या घरी जात नाही, पण थंडीत रोज दार सताड उघडं टाकतात म्हटल्यावर तिला वाटलं, आत कुणीतरी पडलंबिडलं. ती उंबऱ्यावर उभी राहून “सगळं ठीक ना?” म्हणाली, आणि जयंतीनं तिला हाताला धरून आत घेतलं, कपाळावर कुंकू टेकवलं आणि तिळाची वडी हातात दिली. बाईचा नवरा आहे का नाही, हे विचारलं नाही. दिवेलागणीला पुढच्या दारानं बाई आली, विषय संपला. टिनेके ते कुंकू लावून भाजी आणायला गेली. दुसऱ्या दिवशी परत आली. तिसऱ्या दिवशी दार उघडायला जरा उशीर झाला तर बाहेर उभी राहून घड्याळ बघत होती.

वर तिनं शाबासकी दिली. “रोज घरातली हवा बदलता, हे उत्तम. आम्ही लहानपणी थंडीतही खिडक्या उघडायचो. आता लोक सगळं बंद करतात आणि मग बुरशी आली म्हणून रडतात.” जयंतीचं डच जेमतेम, पण उत्तम हा शब्द तिला कळला. डच सरकारचाही लक्ष्मीला पाठिंबा आहे, असं तिनं धरलं.

मेळावा जवळ आला तसा राघव टेकीला आला. एका गुरुवारी तो घरनं काम करतो म्हणाला आणि उदबत्ती पेटवून भोक शोधायला निघाला. फटीतनं वारं येत असेल तिथं धूर हलतो, असं त्यानं कुठंतरी वाचलेलं. दुपारभर तो खिडकी-खिडकीपुढं उदबत्ती फिरवत होता. चौकट, पाइप, जिन्याखालचं कपाट, संडासाचं दार. मीटिंग आली की एका हातात उदबत्ती, दुसऱ्यात लॅपटॉप. शाळेतनं आलेल्या प्रांजलीनं विचारलं, “पापा, आज कुठला देव आहे?” हे बाकी तिनं मराठीत विचारलं.

धूर कुठंही हलला नाही. काठीसारखा सरळ वर. घर बरणीसारखं बंद होतं.

“काही सापडत नाही,” राघव हॉलच्या तोंडाशी येऊन म्हणाला. “गॅस कंपनीच्या मीटरमध्येच घोटाळा असणार. तक्रार करतो.”

“करा. आदी ती उदबत्ती द्या हिकडं, दिवा लावायचा हाय.”

तिनं उदबत्ती त्याच्या हातातनं घेतली, निरांजन लावलं, देवाला ओवाळलं, उदबत्ती थर्मोस्टॅटच्या खालच्या फळीवर खोचली, पदराला हात पुसले आणि जाऊन पुढचं दार सताड उघडलं.

धूर आडवा झाला. आडवा झाला तो पार कोचापर्यंत गेला आणि पिठाच्या पातेल्याला वळसा घालून बसला. वर माळ्यावर बॉयलर डुरकला.

राघव धुराकडं बघत उभा. मग दाराकडं. मग बायकोकडं.

“हे तू रोज उघडतेस?”

“रोज म्हंजे? दिवेलागण रोजच हुती की.”

“किती वेळ?”

“वात निवस्तोवर.”

“आणि मी महिनाभर खिडक्या चिकटवत बसलोय!”

“ते बरं केलासा. खिडकीतनं लक्षुमी येत न्हाई.”

“जयंती, हेच भोक आहे. मोठ्ठं, माणसाएवढं भोक!”

“भोक? दाराला भोक म्हणतासा? मागलं दार मी घट लावतोय. वर पैठणीचा लोड लावतोय, आल्याली जायला नको म्हणून. ह्याच्या वर आनि काय करू?”

राघवनं आवाज खाली घेतला. समजावून सांगायचं ठरवलं की तो असाच घेतो. “हे बघ. आपल्याकडं लक्ष्मी बँकेत येते. महिन्याच्या शेवटी. ऑनलाइन. तिला दार लागत नाही.”

“येती न्हवं?”

“येते.”

“मी दार उघडतोय म्हणून येती. उद्यापास्नं लावतो की. मला काय, गारठ्यात उभारायची हौस हाय? तुमीच सांगा एकदा तोंडानं. लावू?”

आता इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे. राघवचा कंपनीतला करार मार्चमध्ये संपत होता. नवा देऊ, देऊ, असं साहेब नाताळाच्या आधीपासून म्हणत होता आणि अजून देत नव्हता. करार गेला तर इथं राहायचा परवाना गेला. परवाना गेला तर घर, बाग, प्रांजलीची शाळा, सगळंच. राघव विज्ञानाचा माणूस. शनिवारी केस कापतो, अमावस्येला प्रवास करतो, आणि गावाकडनं चुलत्यानं पाठवलेला अंगारा त्यानं हसत हसत कचऱ्यात टाकलेला. तो दाराकडं बघत राहिला. निरांजन जळत होतं.

“एवढ्यात नको लावू,” तो म्हणाला. “मार्च होऊ दे.”

जयंती हसली नाही. हसली असती तर सोपं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, “मग माज्या पिठाचं काय?”

खरा पेच हा होता. दार उघडं ठेवायचं तर पीठ येत नाही. लावायचं तर करार येत नाही. आणि मंडळात मंजूषाबाई साबुदाणा भिजत घालायला टपलेल्या.

तेवढ्यात टिनेके आली, कपाळ पुढं करूनच. घरात धूर, नवरा-बायकोची तोंडं दोन दिशांना. काय झालं म्हणून तिनं विचारलं. राघवनं इंग्रजीत सांगितलं, लक्ष्मीला जरा बाजूला ठेवून. म्हणजे दार उघडणं ही आमची पद्धत आहे आणि गॅस ही तुमची, असं काहीतरी. टिनेकेला यात अडचण काय तेच कळेना. “पडदा का नाही लावत?” तिनं दोघांना तसंच स्वतःच्या घरी नेलं. तिच्या हॉल आणि बैठकीच्या मध्ये जाड लोकरीचा पडदा, छतापासून जमिनीपर्यंत, कांबळ्यासारखा जड. तिच्या आईच्या वेळेपासनं. दार उघडलं तर गारठा हॉलात येतो आणि पडद्यापाशी थांबतो. जोड्यांना थंडी वाजत नाही, टिनेके म्हणाली.

राघवनं तिथंच उभ्या उभ्या फोनवर तसल्या पडद्याची किंमत बघितली आणि फोन खिशात घातला.

“पडदा कशाला?” जयंती म्हणाली. “वाकळा हाईत की.”

दोन वाकळा होत्या. गावाकडच्या, दंडाएवढ्या जाड, जुनी लुगडी आणि धोतरं एकावर एक घालून टाके घातलेल्या. कुणी मायेनं दिल्या नव्हत्या. पिठाचा ग्राइंडर विमानातनं आणताना फुटू नये म्हणून त्याला गुंडाळून आल्या होत्या आणि तेव्हापासनं माळ्यावर पडून होत्या. जयंतीनं त्या एकीला एक जोडल्या, खालच्या कडेला साडीचा लोड शिवला, वर बाथरूमच्या पडद्याच्या कड्या घातल्या. राघवनं दांडा ठोकला. पहिल्यांदा वाकडा ठोकला, मग सरळ.

वाकळ लोंबली. बैठकीत बसलं की समोर आख्खा आजरा टांगल्यासारखा दिसायचा. प्रांजली म्हणाली, मैत्रिणी आल्यावर हे काढायचं. टिनेके म्हणाली, फार सुंदर, म्युझियममध्ये असतं असं.

जयंती मात्र कमरेवर हात ठेवून उभी. “म्हंजे लक्षुमीनं जोड्यांच्यात थांबायचं?”

“हॉलसुद्धा आपलाच आहे,” राघव म्हणाला. “भाडं त्याचंही देतो.”

ह्या मुद्द्यावर तिनं रात्र काढली नाही, पण एक जेवण काढलं. दुसऱ्या दिवशी हॉलातले जोडे उचलून बाहेरच्या खोपटात गेले. मीटरच्या कपाटापुढं रांगोळी आली. आणि तिन्हीसांजेला दार उघडल्यावर तिनं वाकळीचा एक कोपरा हळूच वर दुमडून पिनेनं टोचला, मांजर जाईल एवढा. लक्ष्मी वाकून येईल, तिला काय वय झालंय, म्हणाली.

आलेखाचं शिंग गेलं. त्या जागी फक्त एक गांधील चावल्यासारखं टेंगूळ राहिलं, संध्याकाळी, पिनेएवढं. राघवला ते दिसत होतं. मार्च व्हायचा होता. त्यानं फोनातला आकडा वीसवर नेला.

मेळाव्याच्या सकाळी जयंती खाली आली तर पातेल्याचं झाकण जमिनीवर. पीठ स्वेटरच्या बाहीतनं वर आलेलं, कोचाच्या हातावर सांडलेलं. राघव फडकं घेऊन धावला. जयंतीनं पिठात बोट घातलं, जाळी बघितली, आणि कोच पुसणाऱ्या नवऱ्याला म्हणाली, “ऱ्हाऊ द्या. वाळलं की निगतंय.”

मेळाव्यात आंबोळ्या तव्यावरनं उतरतील तशा गेल्या. जाळीदार, लुसलुशीत. उसळीला माणसं तीनदा आली. साबुदाणा वडे मंजूषाबाईंनी खबरदारी म्हणून आणलेच होते, ते डब्यात बसून राहिले. बाई शेवटी स्वतःच तव्यापाशी आल्या. तुकडा मोडला, चावला, थांबल्या.

“छान आलंय गं पीठ! नक्की काय केलंस?”

जयंतीनं उलथणं तव्यावर आपटलं. वाकळ, लोड, पट्ट्या, उदबत्ती हे सगळं सांगायला तिला वेळ नव्हता, आणि तिच्या मते ते महत्त्वाचंही नव्हतं.

“काय न्हाई,” ती म्हणाली. “तिन्हीसांजेला पुडचं दार उगडतो मी. सताड.”

मंजूषाबाई हसल्या. पण लक्षात ठेवून गेल्या.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी राघव घरनं काम करत होता. जयंती ओट्यापाशी ग्राइंडरात तांदूळ टाकत होती. मेळाव्यानंतर दोन बारशी आणि एक डोहाळजेवण आलं होतं. राघवनं कानातली बोंडं काढली आणि मंडळाच्या ग्रुपवरचा निरोप मोठ्यानं वाचला.

“‘हल्ली रोज संध्याकाळी आमचा गॅस अचानक वर जातोय. घर नवीन आहे, काचा दुहेरी आहेत. कुणी चांगला हीटिंगवाला सुचवेल का?’ मंजूषाताईंनी लिहिलंय. खाली आणखी तिघींनी लिहिलंय, आमचंही तसंच.”

जयंतीनं हात थांबवला नाही. “त्यास्नी म्हणावं, वाकळ शिवून मिळंल. लुगडी तुमची आणा. आनि मापं देताना कोपरा सोडून द्या म्हणावं.”

“अगं, पण दार लावा म्हणून सांगू का त्यांना?”

“सांगा की. तुमचा कागूद आला का?”

“नाही अजून.”

“मग दुसऱ्याच्या लक्षुमीत कशाला पडतासा?”

राघवनं बोंडं परत कानात घातली. बाहेर उजेड उतरायला लागला होता. जयंतीनं ग्राइंडर बंद केला, हात धुतले, निरांजन लावलं, वाकळीचा कोपरा पिनेनं टोचला आणि दार उघडलं. टिनेके दाराबाहेर उभीच होती. कुंकू झालं, वडी झाली, हवेबद्दल दोन शब्द झाले. वात शांत झाल्यावर जयंतीनं दार ओढून घेतलं, लोड पायानं आत सरकवला आणि ग्राइंडर परत चालू केला. तांदूळ अजून जाडसर होते.